आत्तेभाऊ

कुमुदआत्या गेली तेव्हा वाटणीत भांडण्यासारखं काही नव्हतं.
शिलाई मशीन काकूंनी नेलं, डबे कुणी कुणी.
नांद्रुक कुणालाच नको होतं:
दीड वीत उंच, आणि रोज पाणी मागणारं.
स्कूटरवर पायांच्या मधे ठेवून
मी ते नाशिकरोडहून पाथर्डी फाट्यावर आणलं.
वेग विसाच्या वर नेला नाही.
मागून रिक्षावाले शिव्या देत होते.

सोबत एक वही.
प्रेसमध्ये जन्मभर नोटा मोजलेल्या बाईचं अक्षर,
खाडाखोड नाही.
"१९७९. क्वार्टरच्या पन्हाळीतून उपटलं. तीन पानं."
"मुळं एक तृतीयांश कापली. रात्री झोप नाही."
"डावी फांदी ऐकत नाही."

तांबट लेनमध्ये तार मागितली.
कशाला? झाडाला, म्हटल्यावर म्हातारा हसला,
पण भट्टीत लाल करून, मऊ करून दिली.
फांदी वाकवताना मोडण्याआधी एकदा करकरते.
त्या आवाजाच्या अलीकडे थांबायचं.
हे वहीत नाही.
एक फांदी घालवून मला कळलं.

डिसेंबरात निफाडला पारा पाचावर येतो
तेव्हा ते आमच्या ओट्यावर झोपतं,
मिक्सरच्या शेजारी.
बायको म्हणते, तुझ्या आत्तेभावाला जरा सरकव,
मला चटणी वाटायचीय.

नानांचं डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी
दिवसाआड हॉस्पिटल, उरलेल्या दिवशी अंबडला शिफ्ट.
पाणी घालत होतो. बघत नव्हतो.
दिवाळी उलटल्यावर दिसलं: तार सालीत बुडालेली.
सोडवायला गेलो तर सालीसकट आली,
खाली पांढरा चीक, आणि फांदीभर आटे,
लेथवर पाडावेत तसे, नेमके.

उपाय शोधायला वही काढली.
१९९१. एकच ओळ:
"तार काढायची राहिली."
तिच्या आधी सहा महिने कोरे. नंतरही काही दिवस.
मग झाडाकडे पुन्हा पाहिलं.
बुंध्याजवळ जे वळण मी
इतकी वर्षं त्याचं रूप समजत आलो,
पाहुण्यांना बोटाने दाखवत आलो,
ते तिचे आटे होते.

काकूंना विचारलं.
"तेव्हा कुणी यायचं तिच्याकडे.
मग यायचं बंद झालं," म्हणाल्या,
आणि साखर किती, ते विचारलं.

मुक्ता शाळेतून येते,
बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतते.
हा किती वर्षांचा, बाबा?
माझ्याहून दोनाने मोठा.
मग अजून एवढाच कसा?
मला उत्तर येत नाही. ती थांबतही नाही,
दप्तर टाकून खाली खेळायला पळते.

यंदा पाऊस लांबला, हवा ओली राहिली,
आणि फांदीखाली दोऱ्याएवढी एक पारंबी सुटली.
मातीपासून अजून दोन बोटं वर आहे.
मी तिला हात लावत नाही.

वहीत आता माझं अक्षर आहे, वाकडं, खाडाखोडीचं.
काल लिहिलं:
तार वेळेवर काढली.
डावी फांदी अजून ऐकत नाही.