ॲड-ऑन कार्ड

एकूण देय रक्कम: तीन लाख अठरा हजार सहाशे चार.
त्यातले वरचे चार मला आवडतात,
तेवढे तरी आत्ता पर्समध्ये आहेत.

टिळकनगरच्या झेरॉक्सवाल्याकडून
एकवीस महिन्यांची स्टेटमेंटं छापून आणली,
पानाला तीन रुपये.
दोन हायलायटर. पिवळा माझा, गुलाबी पुष्करचा.
लॅबमध्ये दिवसभर परक्या रक्ताचे आकडे लिहिते,
रात्री हे.

किराणा पिवळा. गॅस पिवळा.
अंधेरीतलं बुटांचं दुकान गुलाबी.
लोणावळ्याचं हॉटेल, दोन रात्री,
गुलाबी करायला हात गेला
आणि आठवलं, त्याच खोलीच्या खिडकीत
मी ओला टॉवेल वाळत घातला होता.
पिवळ्यावर गुलाबी फिरवला. कागद नारिंगी झाला, जरा फाटलाही.

पुढच्या डिसेंबरात तेच हॉटेल.
तेव्हा मी इथे होते, आईला ताप होता.

वाघमोडे वकीलबाईंचं ऑफिस फोर्टात, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला:
"कार्ड तुमच्या नावाचं. जोडकार्ड त्याला तुम्हीच दिलंत.
बँक तुमच्या दाराशी येणार,
त्याच्या दाराशी तुम्ही जायचं."

त्याचं दार आता विरारला आहे.
पाटीवर दोन नावं, दुसरं माझ्या ओळखीचं नाही.
तो नाही म्हणाला नाही. कधीच म्हणायचा नाही.
पाचशेचा स्टॅम्पपेपर मी नेलेला, पेनही माझंच.
दर महिन्याच्या सात तारखेला सात हजार.
सही करता करता विचारलं, "आई कशा आहेत?"
पेन खिशाला लावून निघाला होता,
मी मागून घेतलं.

चौदाव्या पानावर, खालून तिसरी ओळ:
श्रवणयंत्र केंद्र, चेंबूर. बत्तीस हजार पाचशे.

आईच्या पंचाहत्तरीला त्यानं स्वतःच्या हातानं बसवलं होतं ते.
"पंखा एवढा वाजतो होय गं?" म्हणाली,
आणि मग नात्यातल्या सगळ्यांना फोन लावून सांगत सुटली,
लग्नाचं राहू दे तूर्त,
पोरगा कान देणारा आहे.

ही ओळ मी रंगवली नाही.
वकीलबाई म्हणाल्या, भेट होती ती,
तुमच्याच पैशांची, पण भेट.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं.
पण यंत्र चांगल्या कंपनीचं आहे,
भिंतीपलीकडचं कुजबुजलेलंही पोचतं.
एका रात्री डबीत घालून
तिनं ते स्टेटमेंटांच्या गठ्ठ्यावर आणून ठेवलं.
"परत घेतील का गं दुकानवाले?"
मी दोनदा नाही म्हणाले. तिला ऐकू आलं नाही.
मग केस बाजूला करून पुन्हा कानात बसवलं.

आता वसुलीचा फोन ती उचलते.
"कोण? जरा मोठ्यानं बोला.
काय? कुठली बँक?
मला ऐकू येत नाही हो,
यंत्र आहे, पण त्याचेच हप्ते थकलेत."
दहा मिनिटं तो ओरडत राहिला.
मी भाजी चिरता चिरता थांबले, घाबरून की हसून, कळेना.

फोन ठेवून आई म्हणाली,
"मागे बारकं मूल रडत होतं त्याचं.
आणि कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या,
कुणी बंद केला नाही."