खाली उतरणारीला वाट

आधी झाडाकडे बघायचं नाही, न्चिद्झी म्हणते.
आधी खाली. लेंड्या बघ.
मोहरीएवढ्या असल्या तर उगाच मान मोडून घेऊ नकोस,
वर नुसती पिल्लं, एकेका पानावर दाटीवाटीनं.
मिऱ्यांएवढ्या झाल्या
की बादली आण.

बोकानी एक लेंडी चिमटीत धरते. मिरी.
मग वर बघते.

मोपानेचं पान आपट्यासारखं, देठाशी जुळं,
शाशे नदीकाठच्या डिसेंबरात
भर दुपारी मिटतं, उन्हाला नुसती कड दाखवतं.
त्या कडेला, आईच्या अंगठ्याएवढी जाड,
काळ्या अंगावर चुन्याची बोटं झटकल्यासारखे ठिपके,
पिवळा पट्टा, तांबडा पट्टा, आखूड काटे.
हीच.
शेजारच्या फांदीवर केसाळ सुरवंट दिसला
तर हात मागे, रात्रभर खाजवत बसशील.
आणि जी हलत नाही, खात नाही, नुसती चिकटून बसलीय,
ती कात टाकतेय. तिला आज नाही.
चौथी कात उतरली की मग आपली.

बोलायला सोपं.
शेपटाशी चिमटा, टूथपेस्टची नळी दाबावी तसं दाबत जायचं,
हिरवा रस मनगटावरून कोपरापर्यंत.
काटे बोटांत राहतात,
संध्याकाळी त्याच बोटांनी मिठाचं पाणी ढवळायचं.

तिसऱ्या झाडाखाली बोकानीला शाळेतला तक्ता आठवतो.
चार चित्रं, चार बाण, गोल.
अंडं, अळी, कोष, पतंग, पुन्हा अंडं.
मासुकू सरांनी दहापैकी दहा दिले.
काटकीनं ती मातीत सगळं काढून दाखवते.

न्चिद्झी हात न थांबवता बघते.
"यात आपण कुठे?"
बोकानीकडे पाचवा बाण नाही.
"आणि हा कोष, जमिनीत किती दिवस?"
"तीन आठवडे. पुस्तकात आहे."
"हं. पुढच्या खेपेच्या असतात त्यांना विचार.
त्या सगळा हिवाळा खाली. सहा महिने, सात.
पाऊस दार वाजवेपर्यंत उठत नाहीत.
एका वर्षी पाऊस आलाच नाही."
"मग?"
"मग तुझे बाबा खाणीवर गेले."

बादली बदलते.

नंतर बोकानीला दिवसातली सगळ्यात मोठी सापडते,
पानावर नव्हे, खोडावर.
तोंड खाली, घाईत,
बस पकडायची असल्यासारखी.
बोकानी धरते, दाबते.
काही येत नाही.
पुन्हा दाबणार
तोच न्चिद्झी तिचं मनगट धरते.
"सोड. ती पोट रिकामं करून निघालीय.
खातेय ती आपली.
उतरतेय ती आपली नाही."

दोघी उकिडव्या बसतात.
अळी मुळाशी जरा थांबते, माती हुंगल्यासारखी,
मग डोकं खुपसते.
ना काटे कामाचे आता, ना पट्टे.
शेपूट आत जायला बराच वेळ लागतो.
बोकानीला वाटतं वर माती सारावी.
"नको," न्चिद्झी म्हणते, "तिचं तिला येतं."

आठवड्यानं वाळवलेलं पोतं घेऊन
त्या फ्रान्सिसटाउनच्या बसथांब्यावर बसतात.
मासुकू सर येतात, एक डबा घेतात,
घासाघीस करतात, वर एक मूठ मागतात.
बोकानी मूठ घालते, जरा सैल.
"सर, पतंगाला तोंड नसतं ना?"
"खाण्याजोगं नसतं. तीन-चार दिवस जगतो, तेवढ्यात अंडी."
"मग त्याच्या वाटचं अळीच खाऊन ठेवते."
सर एक अळी तोंडात टाकतात, कुरकुर चावतात,
आणि बघत राहतात तिच्याकडे.

त्या संध्याकाळी घरी जाताना
मोपानेच्या त्या झाडाखालून वाट जवळची पडते.
दोघी वळसा घालतात.
कुणी कुणाला काही सांगितलेलं नसतं.