आवाजाची पट्टी

नरसय्या ताता मीठ मागायचे तेसुद्धा
कुणाची चुगली केल्यासारखं.
मार्शल लॉ लागला तेव्हा ते आठ वर्षांचे,
साखर पेठेतल्या घरात, खड्डामागाच्या खड्ड्यात बसवलेले,
मांडीखाली काकाची पांढरी टोपी.
वर दारात बूट वाजत होते
आणि आईनं त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं होतं.
तिनं ते नंतर उचललं असणारच.
पण शहाऐंशी साली ताता गेले
तोवर ते तिथंच होतं.

त्यांचा मुलगा, माझे नान्ना, ओरडतात.
"चहा घ्या" हे वाक्य
माझ्या सासरच्यांना पहिल्या भेटीत भांडण वाटलं होतं.
विणाई खात्यात दोनशे माग एका वेळी.
कांडी संपली, धागा तुटला, मुलगी झाली,
सगळं तिथं ओरडून,
नाहीतर ओठांवरून.
पाळी सुटली की कान इतके भरलेले
की डोक्यावरचा भोंगाही
लांबच्या कुणाच्या तरी लग्नातला वाटायचा.
गिरणी बंद होऊन तीस वर्षं होत आली.
नान्ना अजून त्या मागांच्या वरून बोलतात.

अम्मा विड्या वळायची.
मांडीत सूप, सुपात पाला, तंबाखू, कात्री,
दिवसाला हजार, आणि शब्द एकही वाया नाही.
आम्हा पोरांना कळू नये असं काही असलं
की ती नुसते ओठ हलवायची
आणि नान्ना वाचायचे.
उधारी. फी. आत्याला नवऱ्यानं परत पाठवलं.
तेलुगूतून, आवाजाशिवाय,
भाकरीच्या टोपल्यावरून इकडून तिकडे.
त्यांना वाटायचं, पोरं जेवतायत.
मी आठवीतच वाचायला शिकले होते.
म्हणून गेटवर नोटीस लागली त्या रात्री
मी दुसरी भाकरी मागितली नाही
आणि अम्मा म्हणाली,
बरं वाटत नाही का गं तुला?

मी बँकेत लागले.
काचेला एक भोक आहे, त्यातून बोलायचं.
"हळू बोला काका, ऐकू येतंय मला,"
दिवसातून चाळीस वेळा.
आमच्या शाखेत प्रत्येक काका
कुठल्या ना कुठल्या मागावरून आलेला.
मऊ बोलणं मला बारा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं.
घरी आल्यावर मी ते चपलांबरोबर काढते.

मधुलिका पुण्यात.
कानात बोळे घालून रात्रभर
ऑस्ट्रेलियातल्या माणसांशी बोलते, कुजबुजत,
कारण एका खोलीत तिघी आणि दोघी झोपलेल्या.
ताताला तिनं पाहिलेलं नाही.
माझे निरोप ती दीडपट वेगानं ऐकते.
म्हणते, मम्मी, तुम्ही लोक फार लांबवता.

परवा रविवारी व्हिडिओ कॉल.
गड्ड्याला येणार का, रजा मिळेल का, विचारत होतो.
तिच्या खोलीतली मुलगी काहीतरी विचारायला आली,
हिनं माइक बंद केला, मान वळवली.
आम्हाला अर्धाच चेहरा.
थोडंच बोलली.

नान्ना फोनवर वाकलेले,
मोतीबिंदू काढलेले शहात्तर वर्षांचे डोळे.
मला वाटलं, आता ओरडतील.
ते सरळ झाले. अम्माकडे बघितलं.
आणि कित्येक वर्षांनी नुसते ओठ हलवले:
कामावरून काढलंय.
घरी सांगू नको म्हणते.

अम्मा पुण्याला पाठवायची शेंगाचटणी बांधत होती.
तिनं गाठ सोडली,
आणखी दोन मुठी घातल्या,
पुन्हा बांधली.
त्यांना वाटलं, माझं लक्ष चहात आहे.

मधू वळली, हसली, भराभरा बोलायला लागली.
माइक तसाच बंद.

"आवाज येत नाहीये गं,"
मी म्हणाले,
गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.