शेवटचा ई

साखळीच्या बाजारात, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
मंगळवारी आणि शुक्रवारी मी इंग्रजी शिकवते.
सहा खुर्च्या, सात माणसं.
सातवा आपणहून उभा राहतो,
पिसुर्ल्याचा रोहिदास माजीक.
खाण बंद पडली, ट्रक विकला, आता बोटीवर जायचंय.
बसूनच जल्म गेला टीचर, म्हणतो, स्टिअरिंगामागं.

आज फळ्यावर दोन शब्द.
ब्रेथ हे नाम. ब्रीद हे क्रियापद.
स्पेलिंगात फरक एका ईचा,
तोही शेवटच्या बाकावरचा, तोंड न उघडणारा,
पण त्याच्या नुसत्या असण्यानं
आधीचा स्वर लांबतो, थ मऊ होतो,
आणि पडून असलेला शब्द कामाला लागतो.

ब्रीद तर आमचंच, हायस्कुलाच्या कमानीवरचं,
रेश्मा च्यारी म्हणाली. सगळे हसले.
मग कुणीतरी विचारलं,
मराठीत या दोघांना काय?

श्वास, मी म्हटलं. आणि श्वास...
खडू हातातच राहिला.
कोशात श्वसणे आहे, पण या बाजारात
ते कुणी केलेलं मी ऐकलं नाही.
आपण श्वास घेतो,
शेजारून वाटीभर साखर घ्यावी तसा,
आणि सोडतो.
नुसतं करता येत नाही आपल्याला ते.
मधे घेणं लागतं, देणं लागतं.

दोन्ही शब्द वापरून वाक्यं लिहा, म्हटलं.
रोहिदासनं वही भिंतीला टेकवून लिहिलं.
त्याच्या वहीच्या कडा अजून तांबड्या आहेत,
बारा वर्षं ती डॅशबोर्डवर होती,
ट्रिपांचा हिशेब मागच्या पानांवर.

माझ्या वडिलांजवळ ब्रेथ आहे.
ते ब्रीद करत नाहीत.
मशीन ब्रीद करतं.
असं काहीसं, त्याच्या इंग्रजीत.

नाम बरोबर होतं. क्रियापद बरोबर होतं.
ई जागेवर होता.
मी बराच वेळ चूक शोधत राहिले,
आणि सापडली तेव्हा बरं वाटलं,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

इथे शेवटी एस हवा, मी म्हटलं.
कित्याक?
मशीन एकच आहे ना, म्हणून.

एकच, तो म्हणाला,
तेंय भाड्याचें.
आणि पेन मागून घेऊन
एस त्यानंच लावला.