ताबा

सॉनाची मागची फळी खिळ्यांसकट हातात आली
आणि भिंतीतून निघाली लष्करी घोंगडी,
घोंगडीत तेलकट कागद,
कागदात ती.
आखूड, काळी, दस्ता पोटाशी दुमडलेला,
थंडीत मांजर निजावं तशी.

बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते.
मृत्युपत्रात सगळं होतं:
बोट मला, बर्फ ढकलायचा ट्रॅक्टर रेनोला,
शिकारीच्या दोन रायफली नातवांना,
कॉफीचं भांडं कुणाचं तेसुद्धा.
हिच्याबद्दल ओळ नाही.

रेनो म्हणाला, तळ्यात टाक.
बर्फ फुटायला अजून महिना आहे, भोक पाडून देतो.
एम्बरॅसमध्ये रेनोकडे
सगळ्या प्रश्नांवर हेच एक उत्तर असतं.

वकीलबाई झुपान फोनवर आधी गप्प झाल्या.
मग म्हणाल्या, हात लावू नका.
लावला, मी म्हटलं.
मग परत लावू नका. गाडीत ठेवू नका, कुणाला देऊ नका,
आणि तळ्याचं मी ऐकलेलं नाही.

शिकारीच्या रायफलींचं सोपं असतं, त्या सांगत होत्या.
पण घोडा दाबून धरला की जी थांबत नाही
तिचं नाव सरकारच्या वहीत लागतं.
असलं, तर वारसाहक्क आहे:
अर्ज, बोटांचे ठसे, वाट बघणं.
नसलं, तर आता घालता येत नाही.
दंड भरून नाही, शपथेवर नाही.
"ती वडिलांचीच नव्हती, तुमची कुठून होणार?
तुमचा फक्त ताबा.
आणि ताबा हाच गुन्हा."

म्हणजे मी वारस, ती बेवारस,
आणि दोघी एका छताखाली.

उघडी होती का ती वही कधी?
एकदा. अडुसष्ट सालचा नोव्हेंबर.
कुठून आणली, कुणी विचारणार नव्हतं.
नाव लिहा, नंबर लिहा, पोस्टात टाका.

त्या रात्री मी घोंगडीची दुसरी घडी उलगडली.
हो, लावला हात.
लिफाफा. सहा सेंटांचा स्टँप, शिक्का न बसलेला.
आत अर्ज, खाणीतल्या हजेरीच्या चौकोनी अक्षरात:
वर्नर लाहटिनेन. नंबर. नळीची लांबी.
कशी मिळाली? एल्बे नदीजवळ, एका मुलाकडून.
"मुलाकडून"च्या जागी आधी "सैनिकाकडून" होतं.
खोडलंय.
सही. तारीख चौदा.

लिफाफ्याच्या पाठीवर पेन्सिलीनं
दूध, सेफ्टी पिना, डुलुथच्या हॉस्पिटलचा फोन,
आणि एकाखाली एक
तीन पौंड नऊ,
तीन पौंड सात,
तीन पौंड अकरा.

मी सोळा तारखेची. दीड महिना आधीच आलेली.

विसरले असतील.
किंवा तो खोडलेला शब्द पुन्हा वाचला असेल
आणि पोस्टाच्या पेटीपाशी पाय अडला असेल.
विचारायला उरलंय कोण.

लिफाफ्यानं एवढंच सिद्ध होतं, वकीलबाई म्हणाल्या,
की त्यांना माहीत होतं.
आता त्यांना कोण पकडणार?
त्यांना नाही, त्या म्हणाल्या.

सरकारी माणूस आला. पोरगाच.
सांगावं न लागता बूट दारात काढले.
त्यागपत्रावर मी सही केली,
जे माझं नव्हतंच त्याचा त्याग.
त्यानं नळीतून उजेड पाहिला, म्हणाला, छान ठेवलीय,
आणि ओशाळला.
म्युझियम? मी विचारलं.
कागद असते तर. आता भट्टी.

बाबांनी एकतीस वर्षं लोखंडाची लाल माती उपसली.
मी काही बोलले नाही.

हिच्यासोबत अजून काही सापडलं?
घोंगडी, मी म्हटलं.
तीही घडी घालून नेली.

संध्याकाळी ती फळी मी परत ठोकली.
एक खिळा वाकला, तो तसाच राहू दिला.
फळीमागे काय आहे
ते वकीलबाईंना सांगितलेलं नाही.