बाहेरची कडी

संस्थेकडून तपासणीला बाई आल्या,
बुधवारी साडेअकराला, ऊन डोक्यावर घेऊन.
काळजीचा दर्जा मोजायचा होता.
चार पानी फॉर्म, पेनाला दोरी.

नखं कापलेली? होय.
अंगावर वळ, व्रण? नाहीत.
औषधांची नोंद? वहीत आहे, बघा.
श्रीहरी, वय चौतीस, माझा धाकटा भाऊ,
टॉवेलाच्या दशा मोजत बसला होता.
शेजारच्या कारखान्यात माग चालू होता
आणि हा त्या खटखटीला
मानेनं हुंकार देत होता.

आधी ब्यूरोचा मुलगा होता.
वेळेवर यायचा, कपडे परीटघडीचे.
चौतीस वर्षांच्या माणसाला ‘बाळा’ म्हणायचा
आणि भात भरवायचा,
कारण भरवलं की लवकर उरकतं.
त्याच्या काळात हा फॉर्म आला असता
तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

मग रेणव्वा आली.
तीस वर्षं विड्या वळून बोटं पिवळी.
प्रमाणपत्र नाही. सही कन्नडमधे.
पहिले आठ दिवस तिनं त्याला हातसुद्धा लावला नाही,
नुसती हातभर लांब बसून राहिली.
मी मनातल्या मनात पगार कापत होते.
नवव्या दिवशी त्यानं टॉवेलाचं एक टोक
तिच्या मांडीवर ठेवलं.

आमच्या पेठेत पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी सहाव्या, कधी रात्री दोनला.
श्रीहरीला पाचवा म्हणजे पाचवा.
सहावा उजाडला की कपाळ भिंतीवर.
रेणव्वानं उंबऱ्याशी घागर ठेवली.
पालथी, म्हणजे आज नाही.
सरळ, म्हणजे आज.
“त्येला कळतंय की ओ ताई सगळं,
आपुनच सांगत न्हाई.”
आता तो उठल्या उठल्या आधी घागर बघतो.
पालथी असली तर बुडावर एक टिचकी मारतो,
ऐकतो,
आणि शेंगाचटणी-भाकरीला बसतो.
स्वतःच्या हातानं. पाऊण तास.

फॉर्मवर ‘संवादाचे साधन’ असा रकाना होता.
मी लिहिलं: घागर.
बाईंनी वर पाहिलं, बोलल्या काही नाहीत.

मग त्या त्याच्या खोलीच्या दाराशी गेल्या.
दाराला बाहेरून चार भोकं.
तिथं कडी होती.
माझ्या मुलीच्या साखरपुड्याला, पाहुणे यायच्या आत,
मीच ती लावली होती. नऊ तास.
आत काय झालं ते दाराच्या आतल्या अंगावर आहे,
नखांनी लिहिलेलं,
बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत.

रेणव्वानं ते आल्या दिवशीच बघितलं होतं.
कुणी, कधी, असं विचारलं नाही.
त्याच आठवड्यात घरून पेचकस घेऊन आली,
कडी काढली, कागदात गुंडाळली
आणि माझ्या हातात दिली,
रिक्षात राहिलेली वस्तू
आणून द्यावी तशी.

बाईंनी लिहिलं,
‘दरवाजास छिद्रे. दुरुस्ती आवश्यक.’
बाकी उत्तम.

सुतार दोनदा येऊन गेला.
लांबी भरू, म्हणाला, दहा मिनिटांचं काम.
दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजला
आणि परत पाठवला.