बोटांना अजून भाव कळतो

बाळगोंडा, ये गड्या एकदा
मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर,
मुल्लांची तहसीन जिथं फुटक्या काचा बदलते.
दुपारी तीनला. तेव्हा गिऱ्हाईक नसतं
आणि ती चिडत नाही, हे महत्त्वाचं.

तू म्हणतोस, गोवऱ्या मसणात गेल्या,
आता काय शिकायचं राहिलंय.
बरोबर. माझ्याही निम्म्या गेल्यात.
उरलेल्या निम्म्यांचं काय करू?
कट्ट्यावर बसून मोजू?

आपली बोटं आठव.
हळदीची रास, हवेत पिवळा धुरळा,
आणि रुमालाखाली तुझा हात, माझा हात.
तोंडानं एक शब्द नाही.
एक बोट दाबलं की शंभर,
अख्खा पंजा धरला की पाचशे,
मधल्या पेराला चिमटा म्हणजे पुरे आता, घे.
सगळा बाजार टक लावून बघायचा
आणि कुणाला काही कळायचं नाही.
असली बोटं तुझी,
आणि ती एका काचेला भितात?

खरं सांगतो, मीही भ्यालो.
पहिल्या दिवशी काच मला ओळखेना.
चाळीस वर्षं हळकुंडं चाचपून ठसे घासलेत,
बँकेतलं यंत्रसुद्धा म्हणायचं, हा कोण?
तहसीन म्हणाली, आजोबा, दाबू नका.
टेकवा.
टेकवायला शिकण्यात माझा आठवडा गेला.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
दरसाल रांग, बसायला खुर्ची नाही,
आणि आपला नंबर आला की साहेबांची जेवणाची सुट्टी.
औंदा तिनं फोन तोंडापुढं धरला,
म्हणाली, डोळे मिचकावा.
मिचकावले.
झालं. मी जिवंत असल्याचं सरकारला कळलं.
घरच्यांना अजून कळायचंय, ते सोड.

पावसाळ्यात आयर्विन पुलाखाली किती फूट,
कोयनेतून किती सोडलं,
रात्री दोनला उठून अंथरुणातच बघतो.
त्या साली बघता आलं असतं तर
तुझी म्हैस
जाऊ दे.

एकच गोष्ट ध्यानात ठेव.
सहा आकड्यांचा निरोप येतो.
कुणी कितीही गोड बोलून मागू दे,
बँकेचा साहेब म्हणू दे स्वतःला,
सांगायचा नाही.
रुमालाखालचा भाव तू कधी बोललास कुणाला?
बायकोला तरी? तसंच हे.

आता ज्यासाठी एवढं बोलतोय ते.
लिंबाद्री. निजामाबादचा. कानात बाळी.
तेवीस वर्षं त्याच्याशी सौदे केले आपण.
त्याला मराठी येत नव्हतं, आपल्याला तेलुगू.
सगळी ओळख रुमालाखालची.
एकदा भाव ठरल्यावरही त्यानं माझा अंगठा
उगाच धरून ठेवला होता, बराच वेळ.
लेकीचं लग्न जमलं होतं, हे पेढा आल्यावर कळलं.
मग तो यायचा थांबला.
मी धरून चाललो की गेला.

तहसीननं त्याच्या पेढीचं नाव फोनात शोधलं.
तिघांनी हात झटकले,
चौथ्यानं नातवाचा नंबर दिला.
परवा काचेत आला बघ.
दात नाहीत. बाळी तीच.
बोलायला दोघांकडं भाषा नाही,
नुसतं हं, हं.
मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला
आणि फोनवर टाकला.
सगळा अंधार.
तहसीन म्हणाली, कटला वाटतं कॉल.
मी म्हटलं, थांब पोरी, सौदा चाललाय.
मीही रुमाल टाकला, आत हात घातला,
आणि कोमट काचेवर बोट
दाबलं नाही. टेकवलं.

तर गुरुवारी ये. चष्मा आण.
फोन नसला तरी चालेल, माझा आहे.
टॉवेल टाकायच्या आधी
त्यानं करंगळी वाकडी करून दाखवली होती,
खालीवर हलवून, भुवया वर करून.
ती खूण तुझी. कुठाय, म्हणून विचारत होता.

काय सांगू त्याला?